अठरा इंच

"पलंग केवढ्या उंचीचा आहे?"

फोनवरचा लॉजवाला म्हणाला, "पलंगाएवढाच आहे साहेब."

"जरा मोजून सांगता का? पट्टी नसेल तर वितीने मोजा."

"आत्ता?"

"मी थांबतो."

आणि सायकल कठड्याला टेकवून तो खरोखरच थांबला. शेजारी त्याची लेक उभ्याउभ्या बिस्किटं खात होती. ती मान हलवून हसली. "लोक पंखा आहे का विचारतात, पाणी गरम येतं का विचारतात. तुम्ही काय, पलंग विकत घेणार आहात का?"

"धंद्याची सवय," तो म्हणाला.

धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. चौतीस वर्षं त्याने उंच्या मोजण्यातच काढली होती. पण या मोजण्याचा धंद्याशी काही संबंध नव्हता. अठरा इंचांवरून तो गुडघ्यांवर हात रेटून उठायचा आणि पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. सोळा इंच असले तर कशाला तरी धरावं लागे. जमिनीवरून उठताच येत नव्हतं.

हे त्याला चार महिन्यांपूर्वी एका सात मजली इमारतीत कळलं. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, त्यात उकिडवा बसून तो स्प्रिंग बदलत होता. काम झालं आणि उठायला गेला, तर मांड्यांनी ऐकलंच नाही. शेवटी बरोबरच्या जोडीदाराने काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. "लिफ्ट वर न्यायची असते राव, मेकॅनिक नाही," असं म्हणून तो हसलाही. डॉक्टर मात्र हसले नाहीत. मांड्यांचे स्नायू झिजत चाललेत, म्हणाले, हळूहळू जातील, औषध नाही. सायकल चालवता येतेय तोवर चालवा. गंमत अशी की सीटवर एकदा टेकलं की तो पन्नास किलोमीटर आरामात जाई. फक्त खाली बसायचं नाही.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि पंधरा तारखेपर्यंत ठाऊक होऊ नये एवढीच त्याची धडपड होती. पंधराला ती दूरच्या शहरात नोकरीवर रुजू होणार होती. तीन वर्षांपूर्वी अशीच नोकरी आली होती, तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळली आणि हिने कोणाला न विचारता नकार कळवून टाकला. आता बापाचं कळलं असतं तर भरलेली बॅग उघडून तिने कपडे परत कपाटात लावले असते, आणि तेही हसतहसत. ते हसणं त्याला दुसऱ्यांदा बघवलं नसतं.

जाण्याआधी दोघांनी सहा दिवस सायकलवर काढायचे, हा तिचा हट्ट. त्यासाठी तिने तंबूही आणला होता. तंबू म्हणजे जमिनीवर झोपणं. आधी त्याने पाठदुखी पुढे केली, तर तिने हवा भरायची गादी काढली. किड्यामुंग्यांचं म्हणाला, तर जाळी दाखवली. ओझं होईल म्हणाला, तर तंबू त्याच्या तळहातावर ठेवला. पिशवीभर भाजीएवढाही नव्हता. त्याच्या प्रत्येक कारणाला उत्तर म्हणून तिच्याकडे एकेक वस्तू होती. शेवटी तो म्हणाला, "मला जमिनीवर झोप येत नाही." खऱ्याच्या सगळ्यात जवळ तो एवढाच गेला.

"म्हणजे नखरे," ती म्हणाली. "आई म्हणायचीच, यांच्यापेक्षा पाहुणा परवडला."

तरी तंबू तिने घेतलाच. तीन मुक्काम लॉजवर झाले. आजचा चौथा.

लॉजवाला फोनवर परत आला. "साडेअठरा भरला बघा."

"मग आम्ही येतोच," तो म्हणाला.

साडेचारला ते पोचले तेव्हा लॉजवाला पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडून दारात उभा होता. वरच्या टाकीचा पाइप तासाभरापूर्वी फुटला होता आणि जिन्यावरून पाणी ओघळत होतं. "पलंग साडेअठराच आहे साहेब, मी स्वतः मोजलाय," तो ओशाळून म्हणाला. "पण पाण्यात आहे."

पुढचं गाव एकतीस किलोमीटर, मध्ये चढ.

"जाऊ," तो म्हणाला.

"उजेड दोन तासच आहे, बाबा."

"बोलण्यात घालवू नकोस मग."

चार किलोमीटरवर चढ लागला आणि त्याचा पाय पेडलवरून सटकला. थोड्या वेळाने पुन्हा सटकला. एका छोट्या पुलापाशी तिने सायकल बाजूच्या मोकळ्या माळावर घातली. तिथे एक हापसा होता. "इथे पाणी आहे. बस झालं आता," ती म्हणाली, आणि तंबू लावला की लगेच त्याच्या सायकलवरच्या दोन्ही बॅगा उतरवून आत टाकून मोकळी झाली.

तो उभ्यानेच जेवला.

"बस सुटणार आहे का तुमची?"

"पाय आखडलेत."

"माझ्यावर रागावलात?"

"नाही गं, बाळा."

शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवून तो तंबूत शिरला. "उद्घाटन करतो," असंही म्हणाला. आत जाणं अवघड नव्हतंच. अंग सोडून दिलं की झालं.

उजाडलं तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं होतं. "बाटल्या भरून आण," तो पडल्यापडल्या म्हणाला. "आणि चहाचं भांडं नीट घासून आण. काल कसलं घासलंस ते."

"इतक्यात? झोपा की जरा."

"जा म्हटलं ना."

तिची पावलं लांब गेली तसा तो कोपरांवर सरकत बाहेर आला. दोन पावलांवर स्टँडवर सायकल उभी होती. त्याने एक हात सीटवर घेतला, दुसरा कॅरिअरवर, आणि जोर काढला. सायकल सरळ त्याच्या अंगावर आली. हँडल खांद्यात बसलं, घंटी आपोआप वाजली. मागे बॅगा नव्हत्या. लिफ्टच्या कोणत्या बाजूला किती वजन हवं, याचा हिशेब त्याने चौतीस वर्षं केला होता, आणि आज स्वतःच्या सायकलवरचं वजन उतरवलंय हे तो विसरला होता.

काही वेळ तो तसाच पडून राहिला. मग पुलाच्या कठड्याकडे सरकू लागला. पंधराएक हात अंतर होतं. गवत ओलं होतं. मध्ये दोनदा कपाळ जमिनीला टेकून त्याने श्वास घेतला. कठड्याशी पोचल्यावर त्याने छाती वर टाकली, पोत्यासारखी, मग एक गुडघा खाली घेतला, मग दुसरा. बऱ्याच वेळाने एक पाऊल जमिनीवर सपाट लागलं. तो उभा राहिला. कोपरांचा चिखल पुसला आणि रस्ता न्याहाळत असल्यासारखं तोंड रस्त्याकडे केलं.

पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर तो वळला.

ती हापशाच्या वाटेवरच्या झाडाशी उभी होती. दोन्ही बाटल्या काखेत, भरलेलं भांडं हातात. भांडं काठोकाठ होतं आणि त्यातून थेंबथेंब सांडत होतं. तिच्या बुटांभोवतीची माती ताटाएवढी काळी झाली होती.

ती पुढे आली, भांडं खाली ठेवलं, सायकल उचलून उभी केली आणि तळव्याने सीट पुसली.

"उशीर झाला," ती म्हणाली. "हापशावर गर्दी होती."

त्याने माळावर पाहिलं. नजर पोचेल तिथवर एक घर नव्हतं, माणूस नव्हतं. हापशाचा दांडा वर उभा होता.

"असते," तो म्हणाला. "सकाळची असतेच."