नोंदवहीतील कन्या

जन्म देणारीचा अधिकार थोर की वाढवणारीचा, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझे उत्तर एवढेच, की मातृऋणाची वाटणी होत नाही. एकीला दिले म्हणून दुसरीचे उणे होत नाही. परंतु हे वचन, जिने पुत्र वाढवला तिच्यासमोर बसून उच्चारणे कठीण असते.

तशी वेळ १९६३ च्या माघात चिखलीस माझ्यावर आली. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो आणि माझे स्नेही वामनराव पटवारीपदावरून. दत्तक गेलेल्यांची जन्मदाती माणसे शोधून देण्याचे काम आम्ही दोघे मिळून करीत असू. कागद त्यांनी वाचावेत, माणसे मी.

चिंतामण माझा जुना विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक. वडील शेषराव अखेरच्या दिवसांत त्याला सांगून गेले, की तो पोटचा नव्हे. दुसरबीडहून महिन्याचा असताना आणलेला, जन्म अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आखाजीचा. देणाऱ्यांचे नाव न विचारण्याची त्यांनी शपथ घेतली होती. त्या मातेचे एकदा दर्शन व्हावे, एवढीच चिंतामणाची इच्छा होती. मात्र आई गीताबाईंची अनुमती नसेल तर शोध घ्यायचाच नाही, असा त्याचा निश्चय होता.

आम्ही दोघे विचारावयास गेलो, तेव्हा डाळ पाखडणाऱ्या गीताबाईंनी सूप खाली ठेवले.

"अन् तिनं वापस मांगला तर?"

"सत्तावीस वर्सांचा घोडा कोन मांगते, वयनी?" वामनराव म्हणाले. "त्याले पुरतीन इतक्या भाकरी थापाची ताकद पाह्यजे."

गीताबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "जा. पन सापडली त मले संगं न्या."

तिथीवरून तारीख मी जुन्या पंचांगातून काढली. तहसिलीच्या दप्तरखान्यात दुसरबीडच्या कोतवालाची जन्मनोंदवही निघाली. त्या दिवशी गावात एकच जन्म झाला होता: कडूबा यांस पत्नी तानाबाई हिजपासून कन्या.

"पोरगी हाय, शास्त्रीबुवा!" वामनरावांनी वही मिटली. "आठ दिवस मांगं-पुढं एकही पोरगा नाही. आपला शोध सरला."

चिंतामण खिडकीशी जाऊन उभा राहिला. उन्हात त्याच्या उजव्या नाकपुडीवरचा बारीक खळगा मला दिसला. शाळेत हा मुलगा सहा वर्षे माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्या खळग्यास देवीचा व्रण समजत आलो होतो! तसाच उठून मी गीताबाईंना विचारावयास गेलो.

"आनला तवा नाकात तांब्याची कडी व्हती," त्या म्हणाल्या. "म्याच काढली. काऊन?"

ज्या घरी मुलगे जगत नाहीत, तेथे नव्या मुलाचे नाक टोचतात आणि मुलगी झाली असे गावास सांगतात; काळाची दृष्टी त्याच्यावर पडू नये म्हणून. बापाने काळासोबत कोतवालासही चकवले होते.

"सरकारी कागदात खोटं!" वामनराव उसळले. "अन् मी तीस वर्सं त्या कागदायवर भरोसा ठेवला!" परंतु दुसऱ्या दिवशी एस.टी.त सर्वांआधी तेच चढले.

कडूबा निवर्तले होते. तानाबाई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. "अक्षय्य तृतीयेस आपल्याला कन्या झाली होती ना?" असे मी विचारले, तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी चिंतामणाच्या नाकाकडे पाहिले. मग उठून त्या गीताबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"तुमीच वाढवला?"

"हाव."

तानाबाई त्यांच्या पायांशी वाकल्या. गीताबाईंनी त्यांना मध्येच धरले.

"तीन लेकरं गेले, बाई," तानाबाई म्हणाल्या. "हा परक्याच्या घरी तरी जगंल म्हनून देल्ला. जगला!"

"चिंतामण, पाया पड," गीताबाई म्हणाल्या. "हे तुही माय."

तो वाकला. तानाबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडता रडता हसू लागल्या. "माह्या पोरीले त मिशा फुटल्या!"

"खाते पन दोन पोरींचं," गीताबाई उत्तरल्या, आणि सारे अंगण हसले.

निघताना गीताबाईंनी तानाबाईंच्या हातावर हात ठेवला. "आखाजीले याच्यासाठी आपल्या घरी पुरन असते. औंदा तुह्या हातचं."

परतीच्या वाटेवर गीताबाईंच्या ओटीत घाटे होते आणि शेजारी चिंतामण निजला होता. मुलाचा जीव राहावा म्हणून जिने त्याला दिले आणि जिने त्याला जिवापलीकडे जपले, त्या दोघींच्या घरी ती तिथी वर्षानुवर्षे गोड होवो.