स्वच्छ पाण्याचा आठवडा

खाणीच्या खालच्या थरातला दगड यायला लागला आणि आमच्या कारखान्याची झोप उडाली. त्यात शिसं आणि जस्त एकमेकांत इतकं बारीक गुंतलेलं, की वेगळं करता करता नाकी नऊ आले. दगडाचं पीठ करायचं, पाण्यात औषधं घालून खालून हवा सोडायची. आधी शिसं फेसाबरोबर वर यावं, जस्त खाली राहावं. पण जस्तही वर यायचं. भट्टीवाल्यांनी माल परत पाठवला.

मी तिथली धातुतज्ज्ञ. पीठ आणखी बारीक केलं, औषधं बदलली, काही उपयोग झाला नाही. शेवटी प्रयोगशाळेतल्या छोट्या टाकीत नळाचं पाणी घालून पाहिलं. जस्त मुकाट्याने तळाशी राहिलं. कारखान्यात आम्ही तेच ते पाणी फिरवून वापरायचो. नव्या दगडातलं तांबं त्यात विरघळत होतं, ते जस्ताला चिकटायचं, आणि जस्त फेसावर स्वार व्हायचं.

"पटतंय," साहेब म्हणाले. "पण मोठ्या टाक्यांवर आठवडाभर दाखवावं लागेल. एवढं स्वच्छ पाणी आणणार कुठून?"

तेवढं फक्त कारखान्याच्या वसाहतीतल्या नळांना होतं. लोकांकडे मागायला माझी जीभ रेटेना. सासूबाईंनी ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि दारं वाजवत सुटल्या.

"आमच्या सूनबाईचा कारखाना तहानलाय. आठवडाभर दिवसातून एकदाच नळ येईल. चालेल ना?"

"चालेल की," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तसाही आमच्या ह्यांना आंघोळीचा कंटाळाच आहे."

पलीकडच्या घरातल्या तान्ह्या जुळ्यांच्या आईने मात्र जमणार नाही म्हणून सांगितलं. तिचंही खरंच होतं. सासूबाईंनी रोज आमच्या वाट्याच्या दोन बादल्या तिच्याकडे पोचवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तीही तयार झाली.

आठवडा संपेपर्यंत शिशाचा काळा, चकाकता फेस एकटाच वर येत राहिला. भट्टीवाल्यांनी माल घेतला. फिरवायच्या पाण्यातलं तांबं चुन्याने खाली बसवायची सोय कारखान्याने केली आणि वसाहतीचं पाणी वसाहतीला परत मिळालं.

मी घरोघरी जाऊन आभार मानले. घरी आले आणि म्हटलं, "आई, तुमच्यामुळे झालं हे."

"बरं," त्या भाजी निवडत म्हणाल्या. "पण ते जस्त दिसतं तरी कसं, एकदा दाखव मला."

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मी त्यांना टाक्यांपाशी नेलं. काळ्या फेसाखाली तळाशी राहिलेलं जस्त कुठे दिसतंय का, ते कठड्याला धरून त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.