फोमवरून उडालेला चेंडू

“चेंडूनं भोकात जायचं असतं. हा टप्पा खाऊन बाहेर येतोय, बेडकासारखा,” गोल्फ क्लबातल्या माझ्या ऑफिसच्या खिडकीवरच्या प्लास्टिकला नाक टेकवून नेव्ह कुरकुरत होता. त्याच्या श्वासानं तिथं धुकं धरलं. मी कापड उचललं आणि त्याच्या देखत पुसलं.

“तुला एवढंच काम राहिलंय का गं मेरिल?”

“तू एवढा श्वास सोडतोस म्हणून.”

तक्रार फोमची होती. साथीमुळे भोकातल्या झेंड्याला कुणी हात लावायचा नाही आणि भोकात हात घालायचा नाही, म्हणून मी पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या फोमच्या नळ्या कापून प्रत्येक भोकात बसवल्या होत्या. चेंडू वरच राहतो, दोन बोटांनी उचलायचा. वाळूच्या खड्ड्यांतली दाताळी मी उचलून शेडमध्ये कुलूपबंद केली होती. मैदानावरच्या गाडीत एकटं बसायचं, खेळ संपला की घरी जायचं, बार बंद. हे सगळं सभासदांना कळवायचं काम माझं. ऑफिसात मी एकटीच, आणि कमिटीतल्या कुणालाही मोबाईलवर मेसेज धड लिहिता येत नव्हता.

मला येत होता. रोज सकाळी, गवतावर दहिवर पांढरं असतानाच, सगळ्यांचे फोन वाजायचे. ‘खोकला असेल तर घरी थांबा.’ दुसऱ्या दिवशी, ‘खोकला गवतामुळे आहे असं वाटत असेल, तरी घरी थांबा.’ तिसऱ्या दिवशी, ‘कॅप्टन असाल, तरी घरी थांबा.’

त्यावर एकानं नुसता अंगठा पाठवला आणि लगेच काढून टाकला.

आमचा कॅप्टन डग टूमी. मार्चमध्ये, सगळं बंद व्हायच्या आदल्या शनिवारी, त्यानं बक्षीस समारंभ रेटून नेला. “शेवटची संधी आहे, मग बसूच घरात,” म्हणाला. तो दारातून आला तेव्हाच खोकत होता. “गवत गं, गवताची अॅलर्जी,” असं प्रत्येकीला सांगत फिरला. मार्चमध्ये इथं गवत पार वाळून पिवळं झालेलं असतं, पण सगळे हसले. मग आमच्या रीतीप्रमाणे चांदीचा चषक बिअरनं भरला. पहिला घोट कॅप्टनचा, दुसरा स्वयंपाकघर सांभाळणारीचा, मग उरलेल्यांचा. स्वयंपाकघर माझी थोरली बहीण जॉयस सांभाळायची. हात अॅप्रनला पुसत ती बाहेर आली, डगच्या हातातून चषक घेतला, आणि चांगला मोठा घोट घेतला. जॉयसनं कुठलीच गोष्ट आयुष्यात थोडीशी केली नाही.

आणखी चार जण आजारी पडले आणि बरे झाले. डगही बरा झाला. जॉयस ईस्टरच्या आधी गेली. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. आमच्या घरचेच चौदा होते, म्हणून नातवंडांनी गाडीत बसून काचेतून बघितलं. क्लबकडून फुलं आली. कार्डावर ‘अचानक’ असं लिहिलं होतं.

त्यानंतर गावात सगळे मला भेटले की म्हणायचे, “वर्षच वाईट, मेरिल.” बेकरीत म्हणाले, पेट्रोल पंपावर म्हणाले. जणू वर्ष दारातून खोकत आत आलं होतं. मला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा, मोठ्यानं, आहे ते बोलावं, इतकंच. कुणी बोलेना, म्हणून मी मला जमेल तसा सूड घेत होते. जिथून खेळ सुरू होतो त्या पहिल्या टी-पाशी अंतर ठेवून उभं राहायला मी गवतावर पांढरे गोल रंगवले, आणि कॅप्टनचा गोल बरोब्बर पाण्याच्या फवाऱ्याच्या टप्प्यात काढला. फवारा कधी सुरू करायचा ते बटण माझ्या टेबलाखाली आहे. इथल्या जुलैतल्या ऐन थंडीच्या सकाळी तो पाणी निथळत उड्या मारायचा आणि मी खिडकीतून हात हलवायचे.

मग त्याच जुलैत ते घडलं. सातव्या होलवर, पाण्यापलीकडच्या छोट्या ग्रीनवर, डगचा पहिलाच फटका सरळ झेंड्याकडे गेला. एका फटक्यात होल. आयुष्यभर हा माणूस त्यासाठी झुरला होता. ज्यांना ते जमलं त्यांच्या बारमधल्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत त्याच्या बापाचं नाव आहे, धाकट्या भावाचंसुद्धा आहे. याचं नाही. चेंडू भोकावर पडला, फोमवर आपटला, टुणकन उडाला आणि वीतभर लांब जाऊन बसला. सोबत खेळणाऱ्या नेव्हनं सगळं पाहिलं. एरवी आत गेला असता, असं तो मला दबक्या आवाजात सांगत आला, आणि मी चहाचं पाणी ठेवलं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

कारण माझ्या सूचनेत वाक्य होतं, मीच लिहिलेलं आणि कमिटीनं न वाचता मान डोलावलेलं. ‘फोमवर आपटून बाहेर आलेला चेंडू आत गेला असं धरलं जाणार नाही.’

दुसऱ्या दिवशी डग चॉकलेटचा डबा घेऊन खिडकीशी आला.

“अगं मेरिल, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. जरा बदल ना.”

“कुठलं वाक्य?”

“उगाच छळू नकोस. मला माहितीय, जॉयसच्या बाबतीत जे झालं त्यानं तू… मलाही वाईट वाटतं.”

“काय झालं जॉयसच्या बाबतीत, डग?”

त्यानं माझ्या मागच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र नीट वाचून काढलं.

“वर्षच वाईट,” म्हणाला.

मी डब्यावर जंतुनाशक फवारलं, भरपूर, पुठ्ठा मऊ पडेपर्यंत, आणि तो परत त्याच्याकडे सरकवला.

शेवटी रविवारी सकाळी कमिटी बसली. आत बसायची बंदी, म्हणून पहिल्या टी-जवळच्या हिरवळीवर, माझ्या पांढऱ्या गोलांपाशी, खुर्च्या लांब लांब टाकून. निम्मे सभासद कुंपणाशी उभे होते. झाडावरचे गुलाबी पोपट एवढे किरकिरत होते की प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागत होतं. डगची बायको ग्लेनिस जरा लांब, उघड्या दाराच्या गाडीत विणत बसली होती. मार्चपासून ती कुणाशी फारसं बोललेली नव्हती.

“मेरिल, सूचना वाचून दाखव,” खजिनदार म्हणाला.

मी उभी राहिले आणि सगळ्यात वरून सुरुवात केली. “अंगात ताप असेल, खोकला असेल, तर क्लबच्या आवारात पाऊल ठेवू नका.”

“ते नको गं,” डग म्हणाला. “फोमचं वाच.”

“सूचना एकच आहे. अर्धी वाचता येत नाही. एका भांड्यातून, एका ग्लासातून पिऊ नका.”

कुंपणाशी कुणीतरी खाकरलं आणि तिथंच गिळून टाकलं. मी सावकाश वाचत गेले, प्रत्येक ओळीनंतर वर बघत. नेव्ह बुटांकडे बघत होता. खजिनदार पेनचं टोपण लावत होता आणि काढत होता. फोमच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा मला मनापासून मजा येत होती, हे लपवत नाही.

“झालं,” खजिनदार म्हणाला. “लिहिलंय ते स्पष्ट आहे. नाही धरता येणार, डग. सॉरी, मित्रा.”

डग उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि क्षणभर मला त्यात वेगळंच काही दिसलं, खेळात फसवल्या गेलेल्या पोरासारखं. मी डोळे सूचनेवर रोखले. त्याची दया यायला मला परवडणार नव्हतं.

“मूर्खपणा आहे हा सगळा,” तो म्हणाला. “ते गोल, तो फवारा, रोजचे ते मेसेज. सहन केलं, कारण बाई दुःखात आहे. पण आता सांगाच मला कुणीतरी. या एवढ्याशा फोमच्या तुकड्यानं कुणाचा जीव वाचलाय?”

गाडीचं दार आपटलं. ग्लेनिस हिरवळीवरून चालत आली, विणकाम अजून हातातच, लोकरीचा गुंडा मागून दहिवरात घरंगळत. ती माझ्याजवळ येऊन थांबली. मी रंगवलेल्या अंतरावर, बरोब्बर गोलात. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“त्या दिवशी त्याला सकाळपासून ताप होता,” ती म्हणाली. “आम्हा दोघांना माहीत होतं. तरी तो आला, आणि गाडी मी चालवली. जॉयस आमच्यामुळे गेली, मेरिल.”