सामानाजवळची खुर्ची

मित्रांनो, जरा जपून. मला उघडायचं तर आधी मागची दांडी वर उचलायची आणि मग बैठक खाली दाबायची. उलटं केलंत तर बोट चिमटतं. मी घडीची खुर्ची आहे, जुनी आहे, आणि सध्या एका भंगारवाल्याच्या आवारात गंजलेल्या सायकलीला टेकून उभी आहे.

माझा सांगाडा एका सुताराने जिन्याच्या उरलेल्या लाकडातून केला. अंगावरचं निळ्या पट्ट्यांचं जाड कापड आत्याने शिवलं; तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दुकानांच्या दारांवरची कापडी छपरं शिवणं हा तिचा व्यवसाय होता. माझ्या कापडावर तिने उभी शिवण घातली, तिच्यावर पुन्हा आडवी घातली. सुतार हसून म्हणाला, "छपराला एवढी शिवण घालत नाहीस तू!"

"छपरावर पाऊस बसतो. हिच्यावर आई बसणार आहे," आत्या म्हणाली.

तिच्या आईला चालवत नसे. रोज सकाळी आत्या मला ओट्यावर उन्हात मांडी आणि आईला धरून आणून बसवी. "पाठ कशी सुखावली गं," असं म्हणत आई डोळे मिटून घेई. मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुढे कधीच मिळालं नाही.

आमचं गाव समुद्रापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर होतं. किनाऱ्यावर तीन राष्ट्रीय उद्यानं होती. एकात खाडीतलं जंगल होतं, दुसऱ्यात वाळूच्या टेकड्या आणि तिसऱ्यात पक्ष्यांचा कडा. त्या कड्यावर समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करत. छपरं शिवता शिवता आत्या गिऱ्हाइकांकडून त्याचं वर्णन ऐकायची आणि आईला सांगायची. "एकदा जाऊन ये ना," आई म्हणे. "तुला टाकून कुठे जाऊ? पुढे बघू," आत्या म्हणे.

पुढे आई गेली. आणि दर सुट्टीत भाऊ यायला लागला. भाऊ म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. मोठ्या शहरात राहणारा. सोबत त्याची बायको आणि मुलगी. मुक्काम आत्याच्या घरी. रोज एक उद्यान बघायचं, घाई करायची नाही, संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ आणि आयतं ताट, असा त्यांचा बेत असे.

"ताई, तुझ्याकडे आलं ना, की कसं निवांत वाटतं बघ!" भाऊ हातपाय ताणून म्हणायचा.

निवांतपणा काही झाडाला लागत नाही, मित्रांनो. आत्या अंधारात उठून डबे भरायची. टॉवेल, बाटल्या, टोप्या गोळा करायची. रात्री सगळ्यांचे वाळूने भरलेले कपडे झटकायची. हे सगळं ती हौसेने करायची, कारण आता आपणही कडा पाहणार, अशी तिला आशा होती. पहिल्या वेळी तिने निघताना ठेवणीतली चप्पल घातली होती. मला आठवतं.

पण उद्यानाच्या फाटकाशी एका झाडाखाली भाऊने मला गाडीतून काढलं. बॅगा, डबे, ओले टॉवेल माझ्याभोवती ठेवले. तिथून कड्यापर्यंत खडकांची चढाची वाट होती. एवढं ओझं घेऊन कोण चढणार?

"ताई, तू बस आरामात. आम्ही आलोच हं!"

त्यांच्या 'आलोच'मध्ये अख्खी दुपार मावायची.

भाऊच्या मुलीने एकदाच विचारलं. "आत्या, तू का नाही येत? तू पाहिलायस कडा?" आत्याने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ हसत म्हणाला, "अगं, ती इथलीच आहे! शंभरदा पाहिला असेल तिने. कंटाळली असेल." आत्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि माझ्या कापडावरची न दिसणारी धूळ झटकली. तिचं ओझं मला रोजचं होतं. त्या दिवशी ती माझ्यावर बसली तेव्हा कापड जरा जास्तच ताणलं गेलं.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. फाटकाशी बसून आत्याला मोटारींची रांग दिसायची आणि वाऱ्याबरोबर पक्ष्यांचा कलकलाट ऐकू यायचा. "पुढच्या वेळी सांगेन," असं ती माझ्याशी पुटपुटायची. पुढच्या वेळी तिचे गुडघे सुजलेले होते. मग वाट तिच्या आवाक्याबाहेरच गेली.

एका वर्षी उद्यानवाल्यांनी कड्यापर्यंत लाकडी सपाट वाट बांधली. आत्याने ही बातमी ऐकली आणि सुट्टीची वाट पाहत बसली. मला पुसून दाराशी उभं केलं. डब्यांची यादी सुरू झाली. तेव्हा भाऊचा फोन आला. "ताई, यंदा आम्ही किनाऱ्यावरच्या हॉटेलातच उतरतोय. परस्पर फिरू. तुला उगाच त्रास नको."

"मला कसला त्रास!" आत्या म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने टॅक्सी बोलावली. मला काखेत धरलं आणि ठेवणीतली चप्पल घातली. काठी टेकत, थांबत थांबत ती वाटेच्या टोकाला पोचली. खाली लाटा फुटत होत्या आणि अख्खा कडा पांढऱ्या पंखांनी हलत होता. तिने मला मांडलं. बसली.

तेवढ्यात मागून भाऊचा आवाज आला. "ताई! तू इथे? बरं झालं बाई, देव पावला!" भाऊ, वहिनी आणि आता मोठी झालेली मुलगी. "आम्ही खालच्या पुळणीवर उतरतोय. जरा सामानाकडे बघशील?" आणि बॅगा माझ्याभोवती येऊन पडल्याही.

"मी आज पहिल्यांदा आले रे इथे," आत्या म्हणाली.

"काहीतरीच!" भाऊ हसला. "इथलीच तू! आलोच हं आम्ही."

ते उतरून गेले. आत्या उठली. मला तिने थोडं फिरवलं, पाठ बॅगांकडे आणि तोंड समुद्राकडे. ती पुन्हा बसली. थोड्या वेळाने मागे पिशवी फाटल्याचा आवाज आला. डब्याचं झाकण वाजलं. कुरव पक्षी टोळीने आले होते. आत्याने मान वळवली नाही.

"एवढंसं काम सांगितलं होतं, ताई!" परत आल्यावर वहिनी म्हणाल्या. भाऊ फाटक्या पिशव्या उचलून तिच्याकडे न बघताच निघून गेला. ते जास्त वाईट होतं.

पुढच्या सुट्टीत कुणी आलं नाही. त्यानंतरच्याही नाही. आत्या मला ओट्यावर मांडून, आई बसायची त्याच जागी बसायची. एक दिवस ती जागाही रिकामी झाली.

घर रिकामं करायला भाऊ-वहिनी आले. वहिनींनी मला उलटं उघडलं आणि बोट चिमटलं. "आई गं! आधी ही फेका बाहेर!" मुलगी म्हणाली, "हिला आत्याच उघडायची." कशी उघडायची, हे तिलाही माहीत नव्हतं.

म्हणून मी इथे आहे. माझी आत्याने घातलेली शिवण अजून उसवलेली नाही. मित्रांनो, मला घरी न्या असं मी म्हणत नाही. पण सुट्टीत तुम्ही ज्यांच्या घरी उतरता, त्या माणसाला एकदा विचारा, "तू पाहिलंयस का?" आणि उत्तर त्याचं त्याला देऊ द्या.