हत्तीण उचलून दाखवा

चष्मेवाल्यांनी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला, 'जुनी मोटरसायकल विकणे आहे, आत विचारा', आणि कुणी बघत नाही ना म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. गाडी स्वतःची, दुकान स्वतःचं, तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं. मुलीनं इंटरनेटवर जाहिरात टाकून कितीतरी दिवस झाले होते, पण एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. विचारलं की मुलगी म्हणायची, "बाबा, एवढ्या जुन्या गाडीला कोण विचारतंय? राहू द्या की घरीच."

गाडीला घरात हत्तीण म्हणत. उंच, रुंद टाकीची, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. डोंगर म्हणा, वाळू म्हणा, नदीचं पात्र म्हणा, कुठेही नेली तरी कुरकुर न करणारी. दरवर्षी दुकानाला कुलूप लावून चष्मेवाले तिच्यावरून दूर दूर भटकून येत. परत येत तेव्हा बायको फाटकात उभी असायची, जरा वाळलेली. "जेवत नव्हतीस का गं?" असं विचारलं तर म्हणे, "एकटीसाठी काय रांधायचं?" आणि बूट काढायच्या आत त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची.

आता मात्र हत्तीण त्यांच्याच्यानं उचलवत नव्हती. एवढीच गोष्ट, पण ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मागच्या थंडीत घाटातल्या वळणावर थांबताना पाय खड्ड्यात गेला आणि गाडी आडवी झाली. पूर्वी असं झालं तर ते हसत हसत उभी करायचे. त्या दिवशी पाठ लावली, पाय रोवले, दात आवळले. हत्तीण तसूभर हलेना. शेवटी दुधाच्या टँकरवाल्यानं उभी करून दिली. तेव्हापासून नुसत्या सिग्नलला पाय टेकायचा म्हटलं तरी ते आधी खाली खड्डा नाही ना बघायचे. घरी सांगितलं ते असं, की सुटे भाग मिळत नाहीत, विकून टाकू. त्यावर मायलेकी दोघी त्यांच्याशी अशा हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या, जसं काही घरात कुणी आजारी आहे.

कागद लावून तासभर झाला असेल. गुरांची डॉक्टर दुकानात आली, मोडका चष्मा रुमालात बांधून. "काका, बैलानं पाय दिला. माझ्यावर नाही, चष्म्यावर. नशीब!" चष्मेवाले काडी बसवत होते तोवर तिनं कागद वाचला. "ही तीच का, मोठ्या टाकीची? मला डोंगरातल्या वाड्यांवर जावं लागतं, जीप अर्ध्यातच थांबते. इंटरनेटवर बघून मी फोन केला होता हो. एक मुलगी म्हणाली, विकली गेली."

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि काउंटरखाली गेला. तो शोधायला ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले थोडा वेळ. मग उठून म्हणाले, "चला, घरी चला."

बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. डॉक्टर गाडीभोवती फिरायला लागली तशी ती चिमटे हातात घेऊनच पुढे आली. "बाई, तुम्हाला म्हणून सांगते. तेल फार पिते ती. आणि सकाळी सुरू होत नाही."

"पहिल्या बटणाला सुरू होते!" चष्मेवाले ओरडलेच. "अगं, काय चाललंय तुमचं? पोरीनं फोनवर लोकांना परत लावलं, आता तू!"

"मग काय करायचं?" बायकोचे डोळे भरले. "रोज संध्याकाळी तिच्या हँडलला धरून उभे असता तुम्ही, अर्धा अर्धा तास. आमच्यासाठी मन मारून विकताय, ते आम्हाला दिसत नाही का?"

रोज संध्याकाळी ते उभे असत, हे खरं होतं. गाडी अंगणात नुसती वळवून ठेवावी एवढाही धीर गोळा होत नसे म्हणून. आता हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्यांनी विषय बदलला. "डॉक्टर, घ्यायच्या आधी आडवी पाडून उचलून बघा. उचलता येत नसेल तर घेऊ नका, माझं ऐका." जुनी गादी आणली, उभी झाल्यावर पलीकडे कलंडू नये म्हणून साइड स्टँड आधीच उघडून ठेवला, दोघांनी मिळून गाडी सावकाश उजव्या अंगावर निजवली.

"अहो, आधी तुम्ही दाखवा ना," बायको म्हणाली. "त्यांना एकदम कसं जमेल?"

झालं. चष्मेवाल्यांनी हँडल पूर्ण वळवलं, सीटला पाठ टेकली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचा कॅरियर धरला. "पाठीनं ओढायचं नाही, पायांनी रेटत मागं मागं चालायचं," असं त्यांनी सांगितलं, आणि रेटलं. पुन्हा रेटलं. तोंड लाल झालं, एक चप्पल निघाली. हत्तीण निवांत पडून होती. ते गादीवर बसले.

"नाही उचलत माझ्याच्यानं," ते गाडीकडे बघत म्हणाले. "मागच्या थंडीपासूनच. भीती वाटते मला हिची."

बायको पायरीवर धपकन बसली. "मग विका की हो!" ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं, तर इतके दिवस कशाला तोंड शिवून बसलात?"

"तुला ती आवडते ना!"

"मला?" ती हसायला लागली, आणि पदरानं डोळेही पुसायला लागली. "तुम्ही बाहेर असलात की मी एक वेळच जेवायची. देवाला कबूल केलं होतं, तुम्ही उंबऱ्याच्या आत येईपर्यंत एकच वेळ. दरवर्षी. लोकांचे डोळे तपासता, बायको वाळलेली दिसली तर म्हणे जेवत नव्हतीस का!"

"काकू, जरा सरका," डॉक्टर म्हणाली. तिनं पाठ लावली, पाय रोवले, आणि तोंडानं हुं हुं करत हत्तीण उभी केली, जशी बसलेली गाय उठवावी तशी. "गाय निदान शेपटीनं फटके मारते. ही गुणी आहे."

किमतीचं बोलणं चहा निवायच्या आत संपलं. सह्या झाल्या. गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली तेव्हा चष्मेवाल्यांनी बायकोकडे मान वळवून पाहिलं. तिनं दुसरीकडेच पाहिलं. आवाज कोपऱ्यावर वळला, बारीक झाला, गेला. रडू येईल म्हणून ते वाट बघत होते. भूक लागली.

पानं वाढली तोच मुलीचा फोन आला. बायकोनं उचलला. "हो, विकली. खरंच विकली, तुझ्यासारखी नाही... नाही गं, रडत कसले? जेवतायत." मग स्वतःच्या ताटात दुसरी पोळी वाढून घेत ती म्हणाली, "मीसुद्धा."