पलीकडच्या टेकडीची वाइन

आन्सेल्मोने पेला नाकाशी नेला आणि त्याचा हात तिथेच थबकला. आधीची प्रत्येक वाइन त्याने तोंडात घोळवून शेजारच्या बादलीत थुंकली होती. ही मात्र त्याने गिळली. मग कुणी मागे लागल्यासारखा घाईघाईने आणखी एक घोट घेतला.

चौकातल्या गर्दीत, विहिरीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या देल्फिनाने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

“अगं, हाड मोडशील माझं,” ओत्तोरिनो पुटपुटला. “आपलीच आहे का?”

“रंग तर तोच दिसतोय. गप्प बस.”

समोर मंचावर परीक्षकांच्या मधोमध बसलेला तो पांढऱ्या मिशांचा आन्सेल्मो तिचा सख्खा मोठा भाऊ होता. ती याच मोंतेरुफात जन्मली, याच दगडी चढांवर गुडघे फोडून घेत वाढली आणि समोरच्या टेकडीवरच्या पोज्जोर्सोतल्या मुलाशी लग्न करून गेली. दोन्ही गावांचं पिढ्यान्‌पिढ्या विळ्याभोपळ्याचं सख्य. बापाने वेशीत उभं राहून, सगळ्या गावादेखत सांगितलं होतं, ‘आजपासून मला मुलगी नाही.’ आन्सेल्मोने ते शब्द ऐकले आणि बापापेक्षाही कडवेपणाने पाळले. बापाच्या मयतीला देल्फिना आली, तेव्हा तिला शवपेटीजवळही येऊ दिलं नाही. त्यानंतर तिने या गावात पाऊल टाकलं ते आज.

यंदा पहिल्यांदाच मोंतेरुफाची वाइनची स्पर्धा आसपासच्या गावांनाही खुली झाली होती. बाटली पाठवायचं देल्फिनानेच ठरवलं. सगळ्या बाटल्यांवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढवलेल्या. कुठली कुणाची, परीक्षकांना ठाऊक नव्हतं.

“पोज्जोर्सोवाल्यांनीही पाठवल्यात म्हणे!” पुढच्या रांगेतला खाटीक मोठ्याने म्हणाला. “बरं झालं, आमच्या घरचं व्हिनेगर संपलंच होतं!”

चौक खदखदून हसला. ओत्तोरिनोने तोंड उघडलं, तशी देल्फिनाने त्याच्या पायावर पाय दिला.

आन्सेल्मो उठला. पेला हातात घेऊनच माइकसमोर आला.

“आमच्या तिघांत वाद नाही,” तो म्हणाला. “पहिली हीच. माझ्या बापाच्या वेली अशी वाइन द्यायच्या. तो गेल्यावर मी त्या उपटल्या. नव्या लावल्या, पीक दुप्पट येतं म्हणून. तेव्हापासून ही चव हुडकतोय. ही आपल्याच उतारावरची आहे, डोळे मिटून सांगतो. ज्या कुणी ती वेल जगवली असेल, त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन्सेल्मोने बाटलीची पिशवी काढली, चष्मा लावला आणि लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

“वाच की रे मोठ्याने!” खाटीक ओरडला.

तोवर देल्फिना निघाली होती. लोक बाजूला सरत होते. काही म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं आणि कुजबूज पुढे पुढे धावत गेली. ती मंचाच्या पायऱ्या चढली. आन्सेल्मोने माइकवर तळहात दाबला.

“वेली कुठून आणल्यास?”

“बाबांनी दिल्या, दादा.”

“खोटं बोलू नकोस. वेशीत ते काय म्हणाले, मी ऐकलंय.”

“वेशीत म्हणाले खरे. आणि त्याच हिवाळ्यात एका पहाटे टेकडी चढून माझ्या दारात उभे राहिले. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या वेलींच्या काड्या. म्हणाले, पूर्वेच्या अंगाला लाव, सुरुवातीला फळ धरू देऊ नकोस.”

आन्सेल्मोची नजर बाटलीकडे गेली.

“आणि म्हणाले, आन्सेल्मोला सांगू नकोस. तो मला फार कडक समजतो. समजू दे तसंच.”

त्याने बाटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. लेबलवरून अंगठा फिरवला. मग माइकवरचा हात काढला.

“पहिला क्रमांक,” तो म्हणाला, “माझी बहीण देल्फिना. मोंतेरुफाची...”

“पोज्जोर्सोची,” देल्फिना म्हणाली. चौकाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

आन्सेल्मोने तिच्याकडे पाहिलं. ती नजर खाली घालत नव्हती.

“पोज्जोर्सोची,” तो म्हणाला.

विहिरीपाशी ओत्तोरिनोने एकट्यानेच आरोळी ठोकली. क्षणभर ती तशीच एकटी घुमली. मग खाटकाने टोपी काढली, “गेलं व्हिनेगर!” म्हणत ती हवेत भिरकावली आणि साऱ्या चौकाने टाळ्यांचा कडकडाट केला. खिडक्या उघडल्या, घंटाघरावरची कबुतरं उडाली.

आन्सेल्मोने बहिणीचा पेला भरला. तिने तो तिथेच, उभ्याउभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

“घरी चल,” तो हळूच म्हणाला. “जेवायला. ओत्तोरिनोलाही बोलाव.”

“आज नाही, दादा. आधी तू ये. छाटणीच्या दिवसांत ये, म्हणजे काड्या नेता येतील.”

तटाच्या भिंतीपलीकडे पोज्जोर्सोची टेकडी उन्हात लख्ख दिसत होती. आन्सेल्मो टेकडीकडे बघत राहिला.

“तुझ्या घराची वाट मला ठाऊक नाही.”

“बाबांना अंधारात सापडली होती,” देल्फिना म्हणाली आणि तिने रिकामा पेला पुन्हा त्याच्यापुढे धरला.