सतरा नंबरची झोप

दुपारी एकच्या सुमाराला एस.टी.चा हॉर्न वाजला आणि मी अंथरुणात उठून बसलो. सूतगिरणीतली रातपाळी करून सकाळी नऊला आडवा झालो होतो. आत्ता कुठं डोळा लागला होता. मी तसाच फाट्यावर गेलो.

"गुंडप्पा, गाडीला नवा हॉर्न बसवला व्हय रं?"

कळंब गाडीचा ड्रायव्हर गुंडप्पा खाली उतरून बिडी ओढत होता. "जुनाच हाय की."

"मग चार वर्सांत मला कसा ऐकू आला न्हाय?"

त्यानं बिडी पायाखाली विझवली. "वाजवतच नव्हतो. वैनी हितं उभ्या ऱ्हायच्या. लांबूनच हात करायच्या, मालक निजलेत म्हनून. सारी गाडी हसायची. एकदा कंडक्टरनं घंटी मारली, तर त्याला गाडीतनं खाली उतरवून भांडल्या."

"आन् आता?"

"आता कुनी उभं नसतं," तो खाली बघत म्हणाला. "सवारीला बोलवायला दाबतो. उद्यापासनं न्हाय दाबत."

माझ्या बायकोला, पुतळाबाईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. आठ दिवसांच्या तापात गेली. तेव्हापासून दिवसा झोप मोडायची, ती दुःखानंच मोडते असं मला वाटायचं.

घराकडे वळलो तर शेजारची सरुबाई मिरच्या कांडत होती. धपधप आवाज थेट माझ्या भिंतीत उतरत होता.

"रोज कांडता व्हय?"

"रोजच. तुमच्या बायकोनं उखळ उचलून देवळामागं नेऊन ठिवलं हुतं. तितं मर म्हनायची मला!" सरुबाई हसली, मग पदर तोंडाला लावला. "ती गेली, म्या परत आनलं. पुन्ना नेऊ का, भावजी?"

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

पडून राहिलो, पण झोप आली नाही. बाहेर टँकर आला. बायकांच्या पत्र्याच्या घागरी एकमेकींवर आदळत होत्या. आमच्या दोन घागरी कोपऱ्यात होत्या. त्यांना पुतळाबाईनं चिंध्या गुंडाळल्या होत्या. धरायला सोपं जावं म्हणून असेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मग मला वीरभद्र सर आठवले. ते उस्मानाबादच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. रातपाळीच्या कामगारांच्या झोपेवर त्यांचा प्रबंध चालला होता. आमच्या गिरणीतल्या चाळीस जणांना त्यांनी दोन वर्षं प्रश्न विचारले. बाकीच्यांची दिवसाची झोप तीन-चार तास. माझी सात. "कोंडिबा, तुमची झोप म्हणजे देणगी आहे," असं सर म्हणाले होते. त्यांच्या वहीत माझा नंबर सतरा. मी ते कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत फिरलो होतो. एवढी चांगली झोप लागते म्हणून कायमची रातपाळीही मागून घेतली होती. प्रबंध या शनिवारी टायपिंगला जाणार होता.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर मी न झोपता गाडीत बसलो. येरमाळ्याच्या पुढं डोळे मिटले. बाहेरची रानं पांढरी पडली होती. पुतळाबाई गाडीच्या पुढं चालत होती आणि हात मागं करून सगळ्यांना गप्प करत होती. चाकांचाही आवाज येत नव्हता. गाडी तिच्या चालीनं चालली होती. मागं वळून बघ, असं म्हणावंसं वाटलं, पण बोललो असतो तर जाग आली असती. स्टँडवर कंडक्टरनं मला हलवलं.

सर खोलीत कागद लावत बसले होते.

"सर, सतरा नंबर चुकलाय."

"काय चुकलं?"

"ती झोप माझी न्हाय. पुतळाबाईनं केलेली हाय."

मी हॉर्नचं सांगितलं, उखळाचं सांगितलं, घागरींचं सांगितलं. सरांनी कागद शोधून वाचला, "'क्रमांक सतरा. बाह्य कारण आढळले नाही. मूळची गाढ झोप.'" मग चष्मा काढून ठेवला.

"मी दोनदा तुमच्या घरी आलो होतो, कोंडिबा. त्या दारातच उभ्या होत्या. चारनंतर या म्हणाल्या. मला वाटलं, बाई तुसड्या आहेत. वैतागून परत गेलो." ते थोडं हसले. "आणि कारण आढळलं नाही असं लिहून बसलो."

"ते खोडा, सर. तिचं नाव घाला."

सरांनी ओळ खोडली. नवा कागद घेतला, दौतीत टाक बुडवला. माझ्या तोंडून ऐकून पुतळाबाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय चाळीसच्या आसपास असं लिहिलं.

"आता त्यांची झोप," सर म्हणाले. "झोपायच्या किती वाजता? उठायच्या किती वाजता?"

मी आठवू लागलो. रात्री मी गिरणीत. दिवसा मी झोपलेला. सुट्टीच्या रात्री आधी मीच झोपायचो, आणि जाग यायची तेव्हा ती अंगणात असायची. तिला झोपलेली मी शेवटची कधी बघितली? तापात तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोप नव्हती.

सरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. "अंदाजे लिहू का? पाच तास?"

"नगं, सर. मला म्हाईत न्हाय."

सरांनी ती ओळ कोरी सोडली. मग ओली शाई टिपायला टिपकागद घेतला आणि नावावरून फिरवत त्या कोऱ्या ओळीवरही हलक्या हातानं दाबला.